खारट माती आणि रस्ते: काही गैरसमज

उन्हाळ्यात ज्या जमिनीवर क्षारांचा पांढरा थर फुटतो ती रस्त्याच्या कामास सर्वस्वी निरुपयोगी, असा समज बेलाशक बाळगला जातो. वस्तुतः नामिबियाच्या किनाऱ्यावर स्वाकोपमुंडपासून हेंटिस बेपर्यंत जिप्समयुक्त माती खाऱ्या पाण्याने भिजवून व दाबून केलेला रस्ता वर्षानुवर्षे वाहता राहिला. अर्थात तेथे पाऊस जवळजवळ नाही आणि सागरी धुके ओलावा पुरवते, म्हणून हे साधले. कोकणातल्या खाजणात त्याचे पहिल्याच आषाढात पाणी झाले असते.

याहून घातक समज असा की, चुना मिसळला म्हणजे कोणतीही माती सुधारते. चिकणमातीतील सोडियमची जागा चुन्यातील कॅल्शियम घेते आणि पुढे सिलिका व अ‍ॅल्युमिना यांच्याशी चुन्याचा संयोग होऊन मातीस दृढता येते, हे खरे. क्षार साध्या मिठाचे, म्हणजे क्लोराइडचे असतील, तर यात सहसा विघ्नही येत नाही. परंतु ते सल्फेटचे असले, तर चुना, अ‍ॅल्युमिना, सल्फेट व पाणी यांपासून एट्रिंगाइट नावाचे खनिज उत्पन्न होते, ज्याच्या घडणीत पाण्याचे 26 रेणू सामावतात, आणि त्याच्या वाढीने वरचा रस्ता उचलला जातो. अमेरिकेत लास व्हेगासच्या स्टुअर्ट अव्हेन्यूचे हेच झाले: मातीस चुना देऊन बांधलेला तो मार्ग दोनएक वर्षांत फुगून तडकला, आणि मृदा-अभियंते जेम्स मिचेल यांच्या 1986 साली प्रसिद्ध झालेल्या टेर्झागी व्याख्यानात त्याची मीमांसा आली. गंमत अशी की, आपला शेतकरी चोपण जमीन सुधारण्यासाठी जे जिप्सम घालतो ते कॅल्शियम सल्फेटच होय. पिकाला हितकर ठरलेले द्रव्य चुन्याच्या संगतीने रस्त्याला बाधते.

वरून डांबर पसरले की क्षार कायमचे कोंडले जातात, हेही खरे नव्हे. केशाकर्षणाने चढलेले पाणी पातळ डांबरी थरातून बाष्परूपाने निघून जाते, क्षार मात्र खाली स्फटिकरूप होऊन थराला फोड आणतात. म्हणून तळाशी पाण्याची चढण तोडणारा जाड्या खडीचा थर आणि वर अभेद्य आच्छादन, दोन्ही लागतात.

पुन्हा चुन्याकडे वळायचे तर, अमेरिकेतील चुना-उत्पादकांच्या संघटनेनेच मातीतील विद्राव्य सल्फेट 0.3 टक्क्याच्या आत असल्यास धोका अल्प मानला असून 1 टक्क्याच्या वर गेल्यास ती माती चुन्यासाठी सामान्यतः अयोग्य ठरवली आहे. मातीत सल्फेट सर्वत्र सारखे नसते, हे ध्यानी घेऊन निरनिराळ्या ठिकाणच्या नमुन्यांच्या परीक्षणाचे दाखले दप्तरी आल्यावाचून संबंधित खात्याने चुन्याचे अंदाजपत्रक मंजूर करू नये.