खाचेतल्या गाड्यांची शर्यत : हॉबी क्लबात मालिका कशी चालवावी

स्लॉट कार म्हणजे खाचेतून धावणारी विजेची छोटी गाडी. ट्रॅकवर सलग खाच कोरलेली असते. गाडीच्या पुढच्या भागाखाली एक बारीक पाती असते, ती या खाचेत बसते. खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या असतात आणि त्यांतून मोटरला वीज मिळते. वळण्याचं काम खाचच करते, म्हणून खेळणाऱ्याच्या हाती उरतो फक्त वेग. वळणावर तो जास्त झाला की गाडी खाचेतून उडते आणि बाहेर पडते.

हा खेळ घराघरांत पोचवला तो इंग्लंडमधल्या फ्रेड फ्रान्सिस यांनी. त्यांची कंपनी चावीच्या पत्र्याच्या गाड्या बनवायची. त्यांत विजेची मोटर बसवून १९५७ साली त्यांनी ‘स्केलेक्स्ट्रिक’ बाजारात आणलं. पुढे १९६३ मध्ये जर्मनीतून ‘कॅरेरा’ आलं. युरोप-अमेरिकेत आजही या खेळाचे क्लब चालतात. नांदेड-लातूरकडे दहा-बारा हौशी माणसं आणि एक रिकामा हॉल एवढं जमलं, तर हाच खेळ आपल्यालाही नीट चालवता येईल.

ट्रॅक मांडून दोन रविवार मजा करणं सोपं आहे. सहा महिने मालिका टिकवणं हे खरं काम. बहुतेक ठिकाणी ती एकाच कारणाने मोडते : ज्याच्याकडे महागडी गाडी तोच दर वेळी जिंकतो आणि बाकीचे हळूहळू यायचे थांबतात. म्हणून पहिल्या दिवसापासून सगळी रचना अशी ठेवावी, की शर्यत पैशाची न होता बोटाची व्हावी. पुढची प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

सुरुवात ट्रॅकपासून. तयार प्लॅस्टिकचे तुकडे जोडून ट्रॅक होतो, किंवा एमडीएफच्या पाट्यावर खाच कोरून घेता येते. क्लबसाठी चार लेन, म्हणजे चार समांतर खाचा, पुरेशा आहेत. गाड्या १:३२ प्रमाणाच्या घ्याव्यात, म्हणजे खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या भागाएवढ्या. त्या तळहातावर मावतात आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाहूनही दिसतात.

प्लॅस्टिकचा संच परदेशातल्या नातेवाइकांकडून मागवायचा असेल, तर एक गोष्ट आधी पाहावी. अमेरिकेतल्या अडॅप्टरवर फक्त १२० व्होल्ट लिहिलेलं असेल, तर तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये लावताच जळेल. ब्रिटनमधला अडॅप्टर चालतो, त्याला फक्त पिन बदलणारा जोड लागतो. भारतात विकत घेत असाल तर खेळण्यावर आयएसआय चिन्ह आहे का पाहावं. १ जानेवारी २०२१ पासून ते बंधनकारक आहे.

एमडीएफचा ट्रॅक मला जास्त आवडतो, कारण तो आपल्या गावात बनतो. दारांची आणि देवघरांची जाळी सीएनसी मशिनवर कापून देणारे कारागीर खाच सहज कोरून देतील. खाच सुमारे ३ मिलिमीटर रुंद आणि ७-८ मिलिमीटर खोल असावी. दोन लेनमध्ये साडेतीन इंच अंतर ठेवलं तर गाड्या एकमेकींना घासत नाहीत. खाचेच्या दोन्ही बाजूंना तांब्याची चिकटपट्टी लावली की वीज वाहायला लागते. इथे हमखास होणारी चूक म्हणजे पाट्याला फक्त वरून रंग देणं. एमडीएफ पावसाळ्यात ओल पितं आणि फुगतं, मग खाच आवळते आणि गाडी मधेच अडकते. रंग वर, खाली आणि कडांनाही द्यावा, आणि तो तांब्याची पट्टी लावण्याआधी.

आता वीज, आणि इथे जरा जास्त वेळ थांबायला हवं. गाड्या सुमारे १२ व्होल्टच्या डीसी विजेवर धावतात. सगळ्या लेनना मिळून एकच लहान अडॅप्टर लावला, तर एक विचित्र गोष्ट घडते. शेजारच्याची गाडी उडाली की तिला लागणारी वीज थांबते, व्होल्टेज वर चढतं आणि आपली गाडी वळणाच्या ऐन मध्यावर अचानक पळते. मग तीही उडते. खेळणाऱ्याला वाटतं की चूक आपलीच. यावर उपाय म्हणजे प्रत्येक लेनला स्वतंत्र पुरवठा, नाहीतर भार कितीही बदलला तरी व्होल्टेज स्थिर ठेवणारा एक चांगला, मोठा पुरवठा.

दुसरी अडचण लांबीची. वीज ट्रॅकला जिथे जोडली तिथे गाडी जोरात पळते आणि दूरच्या टोकाला मंदावते, कारण पट्टीतून आणि तुकड्यांच्या जोडांतून जाताना व्होल्टेज घटतं. ट्रॅकच्या खालून जाड वायर नेऊन दर तीन-चार मीटरवर पट्टीला नव्याने जोडावी. एवढं केलं की ‘गाडी खराब आहे’ या अर्ध्याअधिक तक्रारी बंद होतात.

हातातला कंट्रोलर म्हणजे वेगाचा घोडा. बोटाने तो जेवढा दाबावा तेवढी वीज गाडीला जास्त मिळते. चांगल्या कंट्रोलरला तीन वायर असतात आणि तिसरी ब्रेकची असते. घोडा सोडला की मोटरची दोन्ही टोकं आपसांत जोडली जातात, फिरणारी मोटर स्वतःच विरोध करते आणि गाडी पटकन थांबते. ही तिसरी वायर जोडायची राहिली तर गाडी वळणाकडे नुसती घरंगळत जाते. चारही लेनला एकाच जातीचे कंट्रोलर ठेवावेत.

गाड्यांबाबत माझं मत ठाम आहे : मालिकेच्या गाड्या क्लबच्या असाव्यात, एकाच मॉडेलच्या, चार धावत्या आणि दोन राखीव. प्रत्येक गाडी आपापल्या लेनला बांधलेली राहते, लेन बदलतो तो माणूस. लाल गाडी थोडी मंद असेल, तर सगळ्यांनाच तेवढा वेळ ती मंद गाडी चालवावी लागते आणि हिशेब बरोबरीत सुटतो. घरची सजवलेली गाडी आणायची हौस असलेल्यांसाठी दिवसाच्या शेवटी एक खुली शर्यत ठेवावी. तिचे गुण मालिकेत धरू नयेत.

अनेक गाड्यांच्या पोटाखाली लोहचुंबक असतं. प्लॅस्टिकच्या ट्रॅकमधल्या पट्ट्या लोखंडी असल्याने ते गाडीला खाली धरून ठेवतं. नवशिक्याला त्याचा आधार वाटतो, पण गाडी सुटते तेव्हा ती काहीच सूचना न देता सुटते. चुंबक काढलं तर मागची चाकं आधी घसरतात आणि बोटाला सावरायला क्षणभर मिळतो. म्हणून चुंबक काढून व्होल्टेज थोडं कमी ठेवावं. तांब्याच्या पट्टीवर चुंबक धरतच नाही, त्यामुळे एमडीएफच्या ट्रॅकवर हा प्रश्न येत नाही.

सामन्याच्या आदल्या दिवशी एकाच माणसाने चारही गाड्या एकाच लेनवर चालवून वेळ घ्यावी. एखादी गाडी स्पष्ट मागे पडली तर तीन जागा पाहाव्यात. पातीच्या बाजूची तांब्याच्या तारांची वेणी पिंजारली आहे का? मागचे टायर गोल आहेत की एका बाजूने झिजलेत? आसाच्या टोकाला केस गुंडाळलाय का? शिलाई मशिनच्या तेलाचा एकच थेंब आसाला पुरतो. दुसरा थेंब टायरवर उडतो आणि गाडी बर्फावर असल्यासारखी घसरते.

मराठवाड्यात या खेळाचा खरा शत्रू धूळ आहे. काळ्या मातीची बारीक धूळ बंद खिडकीतूनही येते, ट्रॅकवर बसते आणि टायरची पकड जाते. प्रत्येक फेरीआधी कोरड्या सुती कापडाने ट्रॅक पुसावा. टायर चिकटपट्टीच्या चिकट बाजूवरून दोन-चार वेळा फिरवले की स्वच्छ होतात. उन्हाळ्यात हॉलमध्ये कूलर लागतोच, पण त्याची ओलसर हवा थेट ट्रॅकवर येऊ देऊ नये. लोखंडी पट्ट्या गंजतात आणि गाडी अडखळत चालते. पट्ट्यांवरचा मळ आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने निघतो. ते चटकन पेट घेतं, म्हणून वीज बंद करून पुसावं आणि ट्रॅक पूर्ण वाळल्यावरच वीज सुरू करावी.

मालिकेचं वेळापत्रक ठरवताना आपल्या गावाचं वर्ष डोळ्यासमोर ठेवावं. जानेवारीपासून दहावी-बारावीची मुलं येणार नाहीत, आणि लातुरात तर नीटची तयारी करणारं पोर जवळपास प्रत्येक घरात असतं. जुलै ते डिसेंबर, महिन्याला एक फेरी, अशा सहा फेऱ्या बसतात. गणपती आणि दिवाळीचे आठवडे सोडावेत. नांदेडला दसऱ्याच्या दिवसांत हुजूर साहिबकडचे रस्ते गर्दीने भरतात, माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षाच्या अखेरीस येते. त्या तारखांना हॉल मिळाला तरी माणसं मिळत नाहीत.

दोन्ही शहरांत गट असतील तर तीन फेऱ्या नांदेडला आणि तीन लातूरला घ्याव्यात. लोहा-अहमदपूर मार्गे एसटीने सकाळी निघून रात्री परत येता येतं. यजमानांना आपल्या ट्रॅकचं प्रत्येक वळण पाठ असतं, म्हणून सरावाचा पहिला अर्धा तास फक्त पाहुण्यांना द्यावा.

सामन्याचा दिवस सरावाने सुरू होतो, मग पात्रता फेरी. प्रत्येकाने एकाच ठरलेल्या लेनवर एकट्याने एक मिनिट गाडी चालवायची आणि त्यातला सर्वांत वेगवान लॅप, म्हणजे ट्रॅकची एक पूर्ण चक्कर, नोंदवायचा. शंकरपट पाहिलेल्यांना घड्याळाविरुद्धची ही शर्यत समजावून सांगावी लागत नाही. या वेळांवरून चार-चारचे गट पाडावेत. बारा खेळाडू असतील तर तीन गट होतात. सर्वांत मंद गट आधी आणि वेगवान शेवटी सोडावा. बरोबरीचे एकत्र खेळले की टकरा कमी होतात आणि नवख्याला मागून कुणी रेटत नाही.

प्रत्येक गट चारही लेनवर तीन-तीन मिनिटं खेळतो. वळणावर आतली लेन आखूड आणि बाहेरची लांब पडते, शिवाय बाहेरून वेग जास्त धरता येतो. त्यामुळे एकाच लेनवर झालेली शर्यत कधीच न्याय्य नसते. बदलण्याचा सोपा क्रम असा : पहिल्या लेनवरचा तिसरीवर, तिसरीवरचा चौथीवर, चौथीवरचा दुसरीवर, दुसरीवरचा पहिलीवर. यात कुणाला एका टोकाच्या लेनवरून थेट दुसऱ्या टोकाला जावं लागत नाही आणि गोंधळ होत नाही. चार लेनचे मिळून ज्याचे लॅप सर्वांत जास्त, तो जिंकला.

तीन मिनिटं संपताच वीज बंद होते आणि गाड्या जिथे असतील तिथे थांबतात. पुढचा खेळाडू गाडी तिथूनच उचलून पुढे नेतो. शेवटच्या पाळीत मात्र अर्धवट लॅपही मोजावा लागतो. त्यासाठी ट्रॅकच्या कडेला दहा समान भागांच्या खुणा आधीच रंगवून ठेवाव्यात. ५२ लॅप आणि ७ भाग, ५२ लॅप आणि ४ भाग, असा निकाल लागला की वाद राहत नाही. लॅप मोजायला ट्रॅकवर प्रकाशाचा सेन्सर आणि लॅपटॉप लावता येतो. तो नसेल तर प्रत्येक लेनला एक माणूस कागदावर पाच-पाचच्या रेघा ओढत बसला तरी पहिल्या मोसमाला पुरे.

उडालेली गाडी परत खाचेत ठेवणाऱ्याला मार्शल म्हणतात. शर्यतीचा दर्जा चालकांपेक्षा त्याच्यावर जास्त अवलंबून असतो, असं मला वाटतं. जो गट खेळून उठला त्याने लगेच पुढच्या गटासाठी वळणांवर उभं राहायचं, हा नियम सर्वांना सारखा असावा. दोन गाड्या एकत्र पडल्या तर ज्याची चूक नाही त्याची आधी ठेवायची. धावत्या गाडीला हात लावायचा नाही. मार्शलवर ओरडणाऱ्याचा एक लॅप कापायचा, आणि हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना वाचून दाखवायचं. बहुतेक वेळा मार्शल आठ-दहा वर्षांचं पोर असतं आणि ओरडणारा मोठा माणूस.

गाडी दुसऱ्याच्या लेनमध्ये जाऊन बसली किंवा जमिनीवर पडली, तर मार्शलने मोठ्याने ‘ट्रॅक!’ म्हणायचं. त्यासरशी मुख्य बटण बंद, घड्याळही बंद. दुरुस्ती झाली की तीन आकडे मोजून पुन्हा सुरू. वीज गेली तरी हाच नियम लागू. लॅप मोजणारा लॅपटॉप आणि घड्याळ इन्व्हर्टरवर ठेवावं, म्हणजे झालेली मोजणी पुसली जात नाही.

गुण देताना पहिल्याला फार आणि बाकीच्यांना जेमतेम असं करू नये. बारा खेळाडू असतील तर पहिल्याला १५, दुसऱ्याला १३, तिसऱ्याला ११ आणि पुढे १०, ९, ८ असे उतरत जावेत. शेवटच्यालाही २ गुण मिळतात. सहापैकी चांगल्या पाच फेऱ्या धराव्यात. घरचं लग्न निघालं म्हणून एक फेरी चुकली, तरी माणूस मालिकेतून बाद होत नाही. गुण सारखे झाले तर जास्त फेऱ्या जिंकणारा वर, तेही सारखं असेल तर शेवटच्या फेरीत पुढे असलेला वर. हे नियम पहिल्या फेरीआधी हॉलच्या भिंतीवर लावावेत, कारण मोसमाच्या मध्यात केलेला नियम कितीही योग्य असला तरी कुणाच्या तरी विरुद्धच केलेला वाटतो.

बक्षिसांत एक सर्वाधिक प्रगती करणाऱ्यासाठी ठेवावं. पहिल्या आणि शेवटच्या नांदेडच्या फेरीतली पात्रता वेळ एकमेकींशी ताडली की ते ठरतं, लातूरचं तसंच. एक मार्शलसाठी असावं आणि ते खेळाडूंच्या मतांनी द्यावं. आणि पुढच्या मोसमाच्या पहिल्या फेरीत सुरुवातीची लेन निवडण्याचा पहिला मान यंदा शेवटच्या आलेल्याला द्यावा.