किक... आणि पुन्हा किक!

शनिवारची रात्र, साडेदहाची वेळ. बाणेरमधल्या एका सोसायटीचं बेसमेंट पार्किंग. टी-शर्ट घामाने चिंब, उजव्या पोटरीला गोळा आलेला आणि समोर एक ढिम्म बाईक. माझा मित्र, वय वर्षं एकोणतीस, हिंजवडीत टीम लीड, एकशे तेरावी किक मारत होता. (हो, मी मोजत होते. मला दुसरं काम काय होतं?) बाईकने उत्तर म्हणून फक्त एकदा ‘फट्’ असा आवाज काढला. वरून वॉचमन डोकावला आणि म्हणाला, “साहेब, सेक्रेटरींचा फोन आलाय. आवाज बंद करा म्हणतात.”

“आवाज सुरूच होत नाहीये हो!” मित्र ओरडला.

पुढच्या रविवारी त्याची आयुष्यातली पहिली डर्ट रेस होती. नोव्हिस क्लास, एंट्री फी भरलेली, ऑफिसात सगळ्यांना सांगून झालेलं. त्यात इंजिन त्याने पहिल्यांदाच स्वतः उघडलं होतं आणि स्वतःच बंद केलं होतं. म्हणजे रेस राहिली बाजूला, इज्जतचा सवाल!

थोडी पार्श्वभूमी सांगते. ही बाईक म्हणजे 2011 मध्ये हीरोने काढलेली इम्पल्स. तेव्हा आपल्याकडे स्वस्तात मातीत नेता येईल अशी दुसरी गाडी जवळजवळ नव्हतीच. ती फार खपली नाही, बंदही झाली, पण ज्यांच्याकडे आहे ते ती पोटच्या पोरासारखी सांभाळतात. 2019 मध्ये एक्सपल्स आली आणि मातीत लोळणाऱ्या मंडळींची संख्या सॉलिड वाढली. त्यात सी. एस. संतोषने 2015 मध्ये डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय होऊन दाखवलं, 2019 मध्ये ऐश्वर्या पिसेने बाहा वर्ल्ड कपचं महिलांचं विजेतेपद आणलं आणि 2024 मध्ये हरिथ नोआने डकारमध्ये रॅली-2 क्लास जिंकला. सोमवार ते शुक्रवार एक्सेल शीट भरणाऱ्या पोरांना रविवारी चिखल खुणावायला लागला, यात नवल काय?

तर गाडी ऑइल खात होती, मागून निळा धूर. निदान बरोबर होतं. नाना पेठेतून बोअर-पिस्टनचा किट, गॅस्केट आणि व्हॉल्व्ह घासायची पेस्ट आली. दोन वीकेंड, तीसेक व्हिडिओ, आईच्या किचनमधला एक जुना ट्रे (तो आता परत जाणार नाही) आणि इंजिन पुन्हा जोडून तयार. नट-बोल्ट एकही उरला नाही, हे त्याने मला तीनदा सांगितलं.

फक्त गाडी सुरू होत नव्हती.

करंट, पेट्रोल, हवा

इंजिनचं काम केल्यावर गाडी सुरू झाली नाही की माणूस पहिल्यांदा सगळ्यात भयंकर कारणाचा विचार करतो. फंडा उलटा आहे. सगळ्यात फालतू गोष्टीपासून सुरुवात करायची. आमचा पहिला अर्धा तास किल स्विचमध्ये गेला. टाकी काढता-घालताना लाल बटण ‘ऑफ’वर गेलेलं. हसू नका, गॅरेजवाले सांगतात की हे महिन्यातून एकदा तरी होतंच. काही गाड्यांना साइड स्टँड आणि क्लचलाही स्विच असतो, त्यांची वायर निघाली तरी हेच. मग पेट्रोलचा कॉक. मग चोक. मग बॅटरीची अर्थिंगची वायर, जी हमखास लावायची राहते किंवा रंगावर लागते. रंगातून करंट जात नाही, पत्र्याला पत्रा भिडावा लागतो.

एवढं झाल्यावर प्लग काढायचा. प्लग हा इंजिनचा रिपोर्ट आहे. कोरडा असेल तर पेट्रोल आतपर्यंत येतच नाही, म्हणजे कार्बोरेटर बघा. ओला असेल तर पेट्रोल येतंय, पण जळत नाहीये. आमचा ओला होता. पुसून, कॅपमध्ये घालून, हेडच्या उघड्या धातूला टेकवून किक मारली, तर निळी कडक ठिणगी. (हे करताना प्लग भोकापासून लांब धरा. आतून पेट्रोलची वाफ येते, आणि भुवया परत उगवायला वेळ लागतो.)

म्हणजे करंट आहे, पेट्रोल आहे. तरी गाडी मुकीच.

इथे बहुतेक लोक कार्बोरेटरवर तुटून पडतात. आम्हीही पडलो. गाडी दोन महिने उभी होती आणि हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, ते ओल धरतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत जेट तुंबायला तेवढं पुरतं. जेट साफ केले, ताजं पेट्रोल भरलं. कार्बोरेटर आणि हेडच्या मधल्या रबराची ओ-रिंग बसलीय का, तेही पाहिलं, कारण तिथून हवा घेतली की मिश्रण बिघडतं. सगळं ठीक. किक. ‘फट्’. या वेळी आवाज कार्बोरेटरच्या तोंडातून आला. माझ्या लक्षात आला नाही, त्याच्याही नाही. इथेच आमचं चुकलं.

रात्री बारा वाजता शेवटचा उपाय सुचला. “सोसायटीच्या रॅम्पवरून धक्का मारून सुरू करू.” मी मागून धरायला तयारसुद्धा झाले होते. सेक्रेटरी स्वतः खाली आले म्हणून राहिलं. त्या माणसाचे किती उपकार आहेत, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

मामांना फोन कोण करणार?

खरी अडचण मेकॅनिकल नव्हतीच. कोथरूडच्या एका गल्लीत मित्राचे मामा आहेत, म्हणजे नात्याचे नाहीत, गॅरेजवाले. कॉलेजपासून आठ वर्षं त्याची प्रत्येक गाडी त्यांच्याच हातून गेलेली. गेल्या वर्षी याने टूलकिट घेतलं, व्हिडिओ बघितले आणि गॅरेजमध्ये जाणं बंद केलं. भांडण नाही, काही नाही. फक्त जाणं बंद. एकदा सिग्नलला भेटले तेव्हा मामांनी विचारलं होतं, “काय रे, गाडी विकलीस का?” आणि हा म्हणाला होता, “नाही, आता मीच करतो.” त्यावर मामा नुसते “बरं” म्हणाले होते.

आता त्यांना फोन करायचा म्हणजे जाम ऑकवर्ड. रविवारी सकाळी शेवटी मी त्याचा फोन घेतला आणि लावून त्याच्या कानाला धरला.

“मामा, इंजिन खोललं होतं... सुरू होत नाहीये.”

“किती किक मारल्या?”

“बऱ्याच.”

“आता मारू नकोस. हात लावू नकोस. येतो दुपारी.”

अडीच वाजता मामा स्वतःच्या स्कूटरवरून आले. हातात फक्त एक पाना, एक फिलर गेज आणि कॉम्प्रेशन गेज. बाईककडे बघितलं, ट्रेकडे बघितलं, माझ्याकडे बघून “ताई, चहा मिळेल का?” म्हणाले. मित्राला एक शब्द नाही.

आधी प्लगच्या जागी गेज लावला. ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून किक मारायला लावली. (हे महत्त्वाचं. बंद ठेवलं तर हवा आत कमी जाते आणि आकडा खोटा येतो.) काटा सत्तरला अडकला. चांगल्या तब्येतीच्या छोट्या इंजिनाला सव्वाशे-दीडशेच्या आसपास तरी हवा. काही गाड्यांना डीकॉम्प्रेसर असतो, तिथे आकडा मुळातच कमी दिसतो, पण इथे तो प्रश्न नव्हता. मग मामांनी प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं आणि परत मोजलं. ऑइलने रिंगच्या फटी बुजतात. आकडा वर गेला असता तर नव्या रिंग नीट बसल्या नाहीत असा अर्थ. काटा जेमतेम हलला.

“रिंगा बऱ्या बसवल्यास,” मामा म्हणाले. आठ वर्षांतलं हे बहुधा पहिलं कौतुक. “गडबड वर आहे. व्हॉल्व्ह बंद होत नाहीयेत, नाहीतर टायमिंग गेलंय. जोडल्यावर हाताने फिरवलं होतंस?”

“म्हणजे?”

मामांनी चहा खाली ठेवला.

एक दात

ज्यांनी इंजिन कधी आतून पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खाली क्रँक पिस्टनला वर-खाली करतो. वर हेडमध्ये कॅम व्हॉल्व्ह उघडतो आणि बंद करतो. दोघांना जोडणारी टायमिंग चेन. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरतो. जोडताना मॅग्नेटवरची ‘टी’ खूण केसवरच्या खाचेसमोर आणि कॅमच्या चक्रावरची खूण हेडच्या पातळीत आणायची. हे मित्राने केलं होतं, त्याचा फोटोसुद्धा होता.

पण फोटो टेन्शनर सोडायच्या आधीचा होता. टेन्शनर चेनला दाबून ताणतो. चेनचा ढिलेपणा चुकीच्या बाजूला राहिला असेल, तर ताण बसताना कॅम हलतो. म्हणून टेन्शनर लावल्यावर पान्याने इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे सावकाश फिरवायचं आणि खुणा परत बघायच्या. मामांनी तेच केलं. ‘टी’ खाचेसमोर आली. कॅमची खूण आली नाही. एक दात मागे.

एका दाताने काय होतंय, असं मलाही वाटलं होतं. कॅमच्या चक्राला तीस दात धरले तर एक दात म्हणजे बारा अंश. क्रँकच्या हिशेबात चोवीस. म्हणजे पिस्टन वर निघालेला असतो आणि इनटेकचा व्हॉल्व्ह अजून उघडाच. दाबायची हवा मागच्या दाराने कार्बोरेटरमध्ये पळते. ती ‘फट्’ आठवतेय? गाडी रात्रभर तेच सांगत होती.

“एका दातावर काही गाड्या रडत-रडत चालू होतात,” मामा म्हणाले, “हिचं अजून काहीतरी आहे.” फिलर गेजची सगळ्यात पातळ पट्टी एक्झॉस्टच्या टॅपेटमध्ये घालायला गेले, शिरलीच नाही. व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले की ते सीटमध्ये थोडे खोल बसतात आणि त्यांचं मागचं टोक तेवढंच वर येतं. टॅपेटमध्ये मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास फट हवी (नेमका आकडा प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो), ती इथे संपून गेली होती. व्हॉल्व्ह कायम किंचित उघडा. मित्राने टॅपेट पुन्हा सेट केलेच नव्हते, कारण “आधी बरोबर होते ना?”

“आणि धक्का मारून बघितलं नाहीस ना?” मामांनी विचारलं.

आम्ही दोघं गप्प.

“अजून एक-दोन दात सरकले असते तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागला असता. मग ताई, परत नाना पेठ.”

पुढचं काम पाऊण तासाचं. टेन्शनर मागे घेतला, चक्र सोडलं, चेन एक दात सरकवली, दोन फेरे, खुणा जुळल्या. टॅपेट सेट करताना मामांनी पाना मित्राच्या हातात दिला. “टी खूण प्रत्येक फेऱ्याला येते. दोन्ही टॅपेट मोकळे वाटतात तीच खरी. हाताने हलवून बघ.” त्याने बघितलं. पट्टी हलकीशी अडकत सरकली. गेजचा काटा एकशे चाळीसला गेला.

तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. सायलेन्सरमधून जोडताना लावलेल्या ऑइलचा पांढरा धूर, अख्खं पार्किंग भरून. सेक्रेटरी परत खाली आले. या वेळी कोणी ऐकण्याच्या मूडमध्ये नव्हतं.

मित्राने पाकीट काढलं. मामांनी तीनशे रुपये घेतले, हात पुसले आणि हेल्मेट घालता घालता सहज विचारलं, “कधी आहे रेस?”

“पुढच्या रविवारी.”

“मग नाही जायचं. रिंग-बोअर नवं आहे, पाचशे किलोमीटर सांभाळून चालव. आत्ता ताणलीस तर माझ्याकडे येशील.” थोडं थांबून म्हणाले, “म्हणजे, ये. पण त्यासाठी नको.”

एंट्री फी बुडाली. पुढच्या रविवारी मित्र ट्रॅकवर गेला, पण दोरीच्या अलीकडे उभा राहिला. ऑफिसातल्या दोघांनी चिडवलंच. नोव्हिस क्लासच्या दुसऱ्या हीटमध्ये एका पोराची गाडी स्टार्ट लाइनवरच बंद पडली आणि तो वेड्यासारखी किक मारायला लागला. शेजारी उभे असलेले मामा मित्राला म्हणाले, “सांग त्याला जाऊन. लाल बटण बघ म्हणावं.”

मित्र दोरीखालून वाकून पळाला.