अंगावर पाजणारी आई आणि सर्दीची गोळी

पावसाची पहिली झड लागली की घराघरांतून शिंका ऐकू येऊ लागतात. पडसं ते काय, औषध घेतलं तर सात दिवस आणि न घेतलं तर एक आठवडा, असं आपण हसून म्हणतो. पण घरात तीन-चार महिन्यांचं तान्हं असलं आणि त्याच्या आईचंच नाक वाहू लागलं, म्हणजे हे हसणं थांबतं. सासूबाई म्हणतात, "आज अंगावर पाजू नकोस गं, बाळाला बाधेल." घरधनी संध्याकाळी तालुक्याहून येताना मेडिकलमधून सर्दीच्या गोळ्यांची पट्टी घेऊन येतात. म्हणजे दूध बंद झालं आणि गोळी सुरू झाली. भगिनींनो, व्हायला हवं ते याच्या नेमकं उलट. दूध चालू ठेवायचं, आणि गोळी मात्र पारखून घ्यायची.

आधी दुधाचं पाहू. सर्दी विषाणूंमुळे होते, आणि हे विषाणू दुधातून बाळाकडे जात नाहीत. ते जातात शिंकेतून, खोकल्यातून, नाक पुसलेल्या हातातून. शिवाय आईला पहिली शिंक येण्याआधीच्या दिवशीही ती बाळाला जवळ घेऊन बसलेलीच असते. तेव्हा आता दूध तोडून काय साधणार? उलट, आईचं शरीर त्या सर्दीशी झुंजताना जी प्रतिद्रव्यं तयार करतं, ती दुधात उतरतात. बाळाला ती तिथूनच मिळतात. आणि दोन-तीन दिवस पाजलं नाही तर छाती दाटते, गाठी होतात आणि दूध कमी होऊ लागतं. म्हणून पाजण्यापूर्वी हात साबणानं धुवावेत, नाकातोंडावर स्वच्छ पदर किंवा रुमाल बांधावा, आणि खुशाल पाजावं. सासूबाईंचा हेतू चांगलाच असतो हो. पण त्यांना हे समजावून सांगितलं पाहिजे.

आता गोळीकडे वळू. पोटात गेलेलं औषध रक्तात मिसळतं, आणि रक्तातून त्याचा अंश दुधात येतो. बहुतेक औषधांच्या बाबतीत हा अंश फार थोडा असतो. मग भीती कसली? तर भीती अशी, की सर्दीच्या पट्टीवर नाव एक असतं आणि आत औषधं तीन-चार असतात. वेष्टनाच्या मागं बारीक अक्षरांत ती छापलेली असतात, आणि बहुधा इंग्रजीत. गावातल्या शिक्षकांना माझी इथं विनंती आहे. असं वेष्टन कोणी घेऊन आलं तर दोन मिनिटं काढून ती नावं वाचून दाखवा. सातवी-आठवीतल्या मुलींनाही ती वाचायला शिकवता येतील.

पहिलं नाव बहुधा पॅरासिटामॉल. ताप आणि अंगदुखी यांवर पाजणाऱ्या आईला हे चालतं. 500 मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर. फक्त एक चूक टाळा. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल असताना तापाची म्हणून वेगळी गोळी घेतली, तर तेच औषध दुप्पट पोटात जातं आणि यकृताला इजा होऊ शकते. डोकं दुखतं म्हणून अ‍ॅस्पिरिन मात्र या दिवसांत घेऊ नये.

दुसरं नाव क्लोरफेनिरामिन. यानं नाकाचं पाणी थोडं आटतं, पण झोप येते. बाळही सुस्तावून नीट ओढत नाही, असं होऊ शकतं. त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे आपल्याकडे आई बाळाला कुशीत घेऊनच झोपते. गोळीच्या गुंगीत तिची झोप गाढ झाली आणि बाळ अंगाखाली आलं तर? म्हणून गुंगी आणणारं औषध घेतलेल्या रात्री बाळाला आपल्या अंथरुणात घेऊ नये.

तिसरं नाव फेनिलेफ्रिन. चोंदलेलं नाक मोकळं व्हावं म्हणून ते घातलेलं असतं. पण 2023 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीनं एकमतानं निर्वाळा दिला की नेहमीच्या मात्रेत गोळीवाटे घेतलेल्या या औषधानं नाक मोकळं होतं, याला पुरावा नाही. जे उपयोगाचंच नाही ते पाजत्या आईनं कशाला घ्यायचं? याचंच एक भावंडं आहे, स्यूडोएफेड्रिन. ते नाक मोकळं करतं खरं, पण दूधही आटवतं. ऑस्ट्रेलियात आठ पाजणाऱ्या स्त्रियांची पाहणी झाली होती. ती 2003 साली प्रसिद्ध झाली. 60 मिलिग्रॅमच्या एकाच मात्रेनं त्यांचं दिवसभराचं दूध सरासरी 24 टक्क्यांनी घटलं. आठ म्हणजे फार नव्हेत, पण एका गोळीनं एवढा फरक, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. ज्या मास्तरीण बाईंना रजा संपवून शाळेवर जायचं आहे आणि दूध आधीच बेताचं आहे, त्यांनी तर हे नाव दिसताच पट्टी परत करावी.

खोकल्याच्या बाटलीत कोडीन असेल तर तिला हात लावू नये; त्यानं बाळाचा श्वास मंदावू शकतो. आणि साध्या सर्दीला अँटिबायोटिकचा उपयोग नाही, दुकानदारानं कितीही आग्रह केला तरी.

मग करावं काय? नाक चोंदलं असेल तर मिठाचं पाणी सगळ्यांत बरं. पाव लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्यावं, त्यात अर्ध्या लहान चमच्याला थोडं कमी मीठ विरघळवावं आणि आईनं त्याचे थेंब नाकात सोडावेत. पाणी रोज ताजं करावं. वाफारा घ्यायला हरकत नाही, पण रांगतं मूल आसपास असताना उकळतं भांडं जमिनीवर ठेवू नका. गवती चहा घ्या, गरम कढण घ्या. बाम लावायचाच तर कपाळाला लावावा. छातीवर नको, कारण बाळाचं नाक तिथंच टेकतं. ओव्याची किंवा वेखंडाची धुरी मात्र बंद करा. त्या धुरानं मोठ्यांचे डोळे चुरचुरतात, मग त्या इवल्या श्वासनलिकेचं काय होत असेल?

गोळी घ्यावीच लागली तर एकाच औषधाची घ्यावी, आणि पाजून झाल्याबरोबर घ्यावी, म्हणजे पुढच्या पाजण्यापर्यंत रक्तातला तिचा जोर थोडा ओसरतो. बाळ दोन महिन्यांच्या आतलं किंवा अपुऱ्या दिवसांचं असेल तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारल्याशिवाय काहीच घेऊ नये. आणि आईची गोळी कुस्करून बाळाला द्यायची नाही, अगदी चिमूटभरसुद्धा. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश आपल्या केंद्रीय औषध नियंत्रकांनी 2023 साली दिला, तो उगाच नव्हे. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही चाटवू नये.

आईचा ताप तीन दिवसांत उतरला नाही, धाप लागली किंवा स्तन लाल होऊन दुखू लागला, तर डॉक्टरांना दाखवावं. बाळाचा श्वास मात्र घरीच मोजता येतो. बाळ शांत असताना अंगावरचं कापड बाजूला करा, घड्याळ समोर ठेवा आणि पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास 60 किंवा अधिक भरले, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे 50 किंवा अधिक भरले, श्वासागणिक बरगड्यांखाली खळगा पडू लागला, किंवा बाळ अंगावर ओढेनासं झालं, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी तसंच करा.