चालू किराणा दुकान घेताय? मालक बदलला की काय काय बदलतं, ते आधी बघा



"सर, चालू दुकान मिळतंय, घेऊ का?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतोच. कारण सरळ आहे. जुन्या मालकाची मुलं नोकरीला लागलेली असतात, त्याला आता दिवसभर गल्ल्यावर बसवत नाही. तुम्हालाही शून्यापासून सुरुवात नको असते. सौदा दोघांच्या सोयीचा. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. शटर, रॅक आणि माल विकत मिळतो, गिऱ्हाईक विकत मिळत नाही. ते जुन्या मालकाच्या ओळखीवर येत असतं. मालक बदलला की ते काही दिवस तुम्हाला पारखतं आणि मग ठरवतं. म्हणून घरची जमापुंजी देण्याआधी या पाच गोष्टी बघा.

१. मालाची किंमत छापील भावाने धरू नका

समजा, मालक म्हणतो, "माल ५ लाखांचा आहे." लगेच विचारा, एमआरपीने की खरेदीने? आता एक रविवार दुकान बंद ठेवून दोघांनी मिळून माल मोजा. तारीख संपलेला, किडका, वर्षभर न हललेला माल वेगळा काढा. तो ६० हजारांचा निघाला, तर उरला ४ लाख ४० हजारांचा. त्यात सरासरी १२ टक्के मार्जिन धरलं, तर खरेदीची किंमत होते ३ लाख ८७ हजार २००. म्हणजे नुसत्या मोजणीने १ लाख १२ हजार ८०० रुपयांचा फरक पडला! तुमच्या दुकानात आकडे वेगळे निघतील, पण हिशेबाची रीत हीच.

गुडविल मागत असतील तर रोजचा गल्ला बघा. तोंडी आकडा चालणार नाही. खरेदीची बिलं, बँकेचं स्टेटमेंट आणि जीएसटी रिटर्न तिन्ही ताडून बघा. शिवाय आठवडाभर संध्याकाळी ६ ते ९ दुकानात बसा. खरी गर्दी डोळ्यांना दिसते.

२. कागद तुमच्या नावावर आपोआप येत नाहीत

जीएसटी नंबर पॅनला जोडलेला असतो. मालक बदलला की पॅन बदलतं, म्हणून नवा नंबर काढावा लागतो. जुना मालक जीएसटीत नोंदणीकृत असेल आणि तुम्ही चालू धंदा घेत असाल, तर सौद्याच्या तारखेपासून तुम्हालाही नोंदणी लागते. "माझी उलाढाल अजून ४० लाख झाली नाही" हे उत्तर तिथे चालत नाही.

त्याहून महत्त्वाचं, जीएसटी कायद्याच्या कलम ८५ प्रमाणे धंदा विकण्याआधीचा थकलेला कर, व्याज आणि दंड यांची जबाबदारी विकणाऱ्याबरोबर घेणाऱ्यावरही येते. म्हणून सीएकडून जुनी रिटर्न तपासून घ्या. करारात लिहून घ्या, आणि जमलं तर काही रक्कम नंतर द्यायची ठेवा.

एफएसएसएआयचं लायसन्स तुमच्या नावाने काढा. जुन्याच्या नावावरचं भिंतीला टांगून धंदा करता येत नाही. कामगार थोडेच असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या शॉप अ‍ॅक्टप्रमाणे ऑनलाइन सूचना देऊन पावती घ्या. वजनकाट्यावरचा शिक्का चालू वर्षाचा आहे ना, तेही बघा. जागा भाड्याची असेल तर जागामालकाशी नवा करार करा आणि तो रजिस्टर करा. पागडीची जागा असेल तर जागामालकाच्या लेखी संमतीशिवाय एक रुपयाही देऊ नका.

३. उधारीची वही

वहीत ८० हजार येणं दिसतंय म्हणून ८० हजार मोजू नका. जुनी उधारी जुन्या मालकानेच वसूल करावी, हे सगळ्यात सोपं. तुम्ही वसुलीला गेलात तर पहिली ओळखच तगाद्याने होते. मात्र उधारी एका दिवसात बंदही करू नका. ज्यांचा पगार ७ तारखेला होतो आणि जे वेळेवर देतात, त्यांची नावं जुन्या मालकाकडून समजून घ्या. त्यांना मर्यादा ठरवून चालू ठेवा.

४. छोट्या वाटणाऱ्या, पण पैसे खाणाऱ्या गोष्टी

काउंटरवरचा क्यूआर कोड पहिल्याच दिवशी बदला. नाहीतर तुम्ही माल द्याल आणि पैसे जातील जुन्या मालकाच्या खात्यात. साउंड बॉक्सचंही तेच. कोल्ड्रिंकचा फ्रिज आणि आइस्क्रीमचा डीप फ्रीझर बहुतेक वेळा कंपनीचा असतो. तो फर्निचरच्या किमतीत धरू नका. दुकानाचा मोबाइल नंबर मात्र सौद्यात जरूर मागा. फोनवर यादी देणारी गिऱ्हाइकं त्या नंबरवरच आहेत. डिस्ट्रिब्युटरचं येणं-देणं किती आहे आणि तारीख संपलेला माल कोण परत घेतो, हेही त्यांना समोर बसवून विचारा.

५. पहिले तीन महिने: कमी बदला, जास्त बघा

नवा मालक आला की गल्लीत पहिली चर्चा होते भावाची. गिऱ्हाइकाला सगळे भाव पाठ नसतात. साखर, तेल, शेंगदाणे, साबुदाणा, दूध यांचे मात्र असतात. या पाच-सहा वस्तू महाग दिसल्या की सगळं दुकानच महाग ठरतं. तिथे मार्जिन कमी घ्या आणि मसाले, सुकामेवा, सुटं पॅकिंग यातून भरून काढा.

जुना कामगार टिकवा. कुठल्या काकूंना कोणता तांदूळ लागतो, हे त्याला माहीत असतं. जुन्या मालकाला महिनाभर संध्याकाळी काउंटरवर बसायला सांगा आणि हे करारातच घाला. त्याने "हे आता आपलं दुकान बघणार" असं म्हटलं की जो विश्वास मिळतो, तो बॅनर लावून मिळत नाही. दुकान उघडायची वेळ बदलू नका. सकाळी दूध-ब्रेड न मिळालेलं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाची वाट धरतं.

बदल करायचाच असेल तर स्वच्छता, चांगला उजेड आणि छापील बिल इथून सुरू करा. यावर कुणी नाराज होत नाही. बिलिंग सुरू झालं की काय हलतं आणि काय पडून राहतं हे तीन महिन्यांत कळेल. मांडणी त्यानंतर बदला. पाटी बदलणार असाल तर नाव मराठीत, देवनागरीत हवं आणि दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नको.

शेवटचा सल्ला: सगळे पैसे दुकान घेण्यातच घालवू नका. पहिल्या तीन महिन्यांचं भाडं, पगार आणि माल भरायचे पैसे बाजूला ठेवून जे उरतं, ते तुमचं बजेट. सौदा त्यात बसत नसेल तर हात जोडून "नको" म्हणा. दुकानं पुन्हा मिळतात, जमापुंजी पुन्हा जमवायला वर्षं लागतात.