लाइट गेली तर माशांचं काय?

ऑफिसातून यावं, शूज भिरकवावेत आणि टीव्हीचा रिमोट बाजूला ठेवून दहा मिनिटं नुसतं माशांकडे बघत बसावं. टेन्शन खल्लास! जळगाव-धुळ्यातल्या माझ्या मित्रमंडळींच्या हॉलमध्येही आता काचेच्या टाक्या दिसू लागल्यात.

पण खानदेशात मासे पाळणं म्हणजे तिघांशी पंगा. मे महिन्यात ४४-४५ अंशांवर चढणारा पारा, न सांगता जाणारी लाइट आणि रोज येईलच याची गॅरंटी नसलेलं नळाचं पाणी. या तिघांना पुरून उरायचं तर एक सॉलिड उपाय आहे, संप!

दचकू नका, ऑफिसातला संप नव्हे. हा संप म्हणजे मोठ्या टाकीखालच्या कपाटात लपवलेली दुसरी छोटी टाकी. वरचं जादा पाणी पाइपने आपोआप खाली उतरतं. तिथे आधी स्पंज कचरा अडवतो. मग सिरॅमिक रिंग्जवर वाढलेले जिवाणू विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. शेवटच्या कप्प्यातला पंप स्वच्छ पाणी पुन्हा वर ढकलतो. या जिवाणूंचा जम बसायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्याच रविवारी डझनभर मासे आणू नका.

पाइपांचं माहेर

प्लंबिंगचं नाव काढलं की बरेच जण गार पडतात. अहो, भवरलाल जैनांनी १९८० मध्ये जळगावात पीव्हीसी पाइप बनवायला सुरुवात केली, त्या गावाने पाइपला घाबरायचं? खाली उतरणारा पाइप वर चढणाऱ्यापेक्षा जाड हवा, म्हणजे एक इंची किंवा सव्वा इंची. पंपाजवळ युनियन जॉइंट लावा, म्हणजे सफाईच्या वेळी पाइप कापावा लागणार नाही. काचेला भोक पाडायचं असेल तर ती टफन्ड नाही ना, हे दुकानदाराला दोनदा विचारा. टफन्ड काच ड्रिल लागताच चुरा होते.

खाली मालक राहतात!

खरी परीक्षा लाइट गेल्यावर असते. पंप थांबला की वर जाणारा पाइप उलटा सायफन होतो आणि वरचं पाणी खाली ओढू लागतो. धुळ्याच्या देवपुरात माझा मावसभाऊ दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. त्याची टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद. मासे आणण्याआधी आम्ही मुद्दाम बटन बंद करून बघायचं ठरवलं. वहिनींनी आधीच बजावलं, "भावजी कसले, तुम्ही ताई ना? मग समजवा यांना. खाली मालक राहतात."

कागदावर हिशेब मांडला. या टाकीत पाणी एक इंच उतरलं की साधारण साडेदहा लिटर खाली येतं. पाइपचं तोंड पाण्यात तीन इंच खोल, म्हणजे ३२ लिटर. ५६ लिटरचा संप अर्धा भरलेला, म्हणजे जागा २८ लिटरची. उरलेलं चार लिटर थेट मालकांच्या छतावर! डिपॉझिटही गेलं असतं आणि खोलीही.

उपाय फुकटातला निघाला. पाइपचं तोंड वर घेतलं आणि पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली पाइपला छोटं भोक पाडलं. पाणी तिथवर उतरलं की भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. बटन बंद केलं, संप थोडा चढला आणि थांबला. वहिनी हसल्या! एकच लक्षात ठेवा, ते भोक शेवाळाने बुजू देऊ नका. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमध्येही कचरा अडकतो, नुसत्या त्याच्या भरवशावर राहू नका.

गंमत म्हणजे १८८४ मध्ये सरकारी नोकरीत लागलेल्या विश्वेश्वरय्यांनी अगदी सुरुवातीला खानदेशातच, पांझरेच्या पाटावर, पाइपचा सायफन बांधला होता. तेव्हा ते विशी-पंचविशीचे, म्हणजे आपल्याच वयाचे!

कूलरचा फंडा

पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मासे वर येऊन तोंड मारू लागतात. चिलर महाग पडतो. त्यापेक्षा संपवर छोटा पंखा लावा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात घरचा कूलर चालतो, तसंच हे पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. मात्र वाफेने पाणी घटतं. संपच्या शेवटच्या कप्प्यावर मार्करने रेघ मारा आणि रोज तिथवर भरा. वाफ जाते, क्षार मागे राहतात, म्हणून ही भर आरओच्या पाण्याची असलेली बरी. लाइट गेल्यावर माशांसाठी बॅटरीवरचा एअर पंप हाताशी ठेवा.

आणि पाण्याचं काय? शेजारी टँकरची वाट बघत असताना आपण दोन-अडीचशे लिटर शोभेला ठेवायचं, हे मलाही खटकलं. पण हे पाणी एकदाच भरायचं असतं. आठवड्याला बदललेल्या बादल्या कुंड्यांना घाला, त्यातलं नायट्रेट झाडांना खतच. नळाचं पाणी मात्र क्लोरिन घालवूनच टाकीत ओता. बोअरच्या जड पाण्यात गप्पी, मॉली, प्लॅटी मजेत राहतात. हट्टाने नाजूक मासे आणून त्यांचे हाल कशाला?

तर मंडळी, आधी कागद-पेन्सिल घ्या, मग पाइप, आणि सगळ्यात शेवटी मासे. बटन बंद करून बघितलंत ना? मग बिनधास्त झोपा. लाइट गेली तर जाऊ दे!