एकच रक्त, दोन आकडे

शेर व पायली ही मापे पूर्वी गावोगाव निरनिराळी असत. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि किलोग्रॅमने तो घोळ मिटविला. रक्तातील थायरॉइडच्या तपासणीत मात्र तसलाच घोळ अद्याप शिल्लक आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

एखाद्या भगिनीच्या रक्ताचा अर्धा नमुना बेळगावात व अर्धा बडोद्यास तपासला आणि दोन्ही ठिकाणची यंत्रे वेगवेगळ्या कारखान्यांची असली, तर मुक्त थायरॉक्सिनचे आकडे जुळतीलच असे नाही. यात तंत्रज्ञाचा काही दोष नसतो. परंतु औषधाची मात्रा याच आकड्याकडे पाहून ठरावयाची. आणि ती भगिनी गरोदर असेल, तर प्रश्न एकट्या तिचा राहत नाही. पहिल्या काही महिन्यांत गर्भाच्या मेंदूची वाढ मातेच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असते.

थायरॉक्सिन हा पदार्थ काही अज्ञात नव्हे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांनी १९१४ च्या ऐन नाताळच्या दिवशी त्याचे स्फटिक वेगळे केले. मग अडते कोठे? रक्तातील बहुतेक सर्व थायरॉक्सिन प्रथिनांस चिकटलेले असते. दहा हजारांत दोन-तीन भागच काय ते मोकळे, आणि शरीराच्या कामी येतात ते तेवढेच. नेहमीची यंत्रे हा अंश प्रतिपिंडांच्या साहाय्याने, काहीशा आडवळणाने अजमावतात. प्रत्येक कारखान्याची रीत निराळी, म्हणून उत्तरही निराळे.

यावर आंतरराष्ट्रीय वैद्यकीय रसायन महासंघाने एक समिती नेमली. बेल्जममधील गेंट विद्यापीठाच्या लिंडा थीनपॉन्ट यांचा त्या कार्यात मोठा वाटा आहे. समितीने जी प्रमाणभूत पद्धत ठरविली ती मोठी सुरेख आहे. पातळ पडद्याच्या एका बाजूस रक्तद्रव व दुसऱ्या बाजूस क्षारद्राव ठेवून दोन्ही शरीराच्या उष्णतेवर, ३७ अंशांवर, राखतात. प्रथिने अवजड, ती पडद्याआड अडून राहतात. मोकळे थायरॉक्सिन तेवढे पलीकडे झिरपते. मग किंचित जड अणू घातलेले थायरॉक्सिन मोजून त्यात मिसळतात आणि वस्तुमानमापक यंत्रात त्याच्याशी तुलना करून खरे प्रमाण काढतात. जणू तराजूच्या दुसऱ्या पारड्यातले वजनच! ही पद्धत इतकी वेळखाऊ व खर्चिक आहे की, रोजच्या रुग्णांसाठी ती वापरता येत नाही. इतर यंत्रे पारखण्यासाठीच तिचा उपयोग. या पारखीत बहुतेक यंत्रे खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवितात असे आढळले.

टीएसएच या दुसऱ्या तपासणीचे दुखणे वेगळे आहे. पियूष ग्रंथीच्या या स्रावावर शर्करेच्या साखळ्या असतात व त्या सर्वत्र सारख्या नसतात. त्यामुळे त्यास खरे असे एकच माप देता येत नाही. तेथे सर्व यंत्रांच्या उत्तरांची सरासरी हेच माप मानावे, असा व्यवहारी तोडगा निघाला.

दोन्हींचा पाया २०१७ साली प्रसिद्ध झाला. तथापि साऱ्या जगाने तो एकदम अंगीकारल्याचे अजून घडलेले नाही, आणि त्यास कारण आहे. माप बदलले की मुक्त थायरॉक्सिनचे आकडे एका रात्रीत वाढतील, डॉक्टरांच्या अंगवळणी पडलेल्या मर्यादा चुकीच्या ठरतील, आणि सूचना न मिळालेला एखादा वैद्य चांगल्या रुग्णाचे औषध उगाच कमी करील. तोवर रुग्णाने शक्यतो एकाच प्रयोगशाळेत रक्त द्यावे, आकडा त्याच कागदावर छापलेल्या मर्यादेशी ताडून पाहावा आणि जुने कागद डॉक्टरांकडे जाताना सोबत न्यावेत.