लहान विमानांची उंची पुस्तिकेत एक, आकाशात दुसरी. उन्हाळ्यात मर्यादा आणखी खाली

रायपूर : मे महिन्यात चौबे कॉलोनीतील घरांच्या गच्च्या ज्या उष्ण हवेने तापतात, तीच हवा शहराबाहेरील माना विमानतळावर लहान विमानाचे बळ घटवते. पिस्टन इंजिनाचे विमान किती उंच जाईल, हे केवळ निर्मात्याच्या पुस्तिकेवर नव्हे, तर हवा, वजन आणि वैमानिकाचे शरीर यांवरही अवलंबून असते.

प्रशिक्षणासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या सेस्ना १७२ विमानाच्या अलीकडील आवृत्तीचे ‘सर्व्हिस सीलिंग’ १४,००० फूट आहे. पूर्ण भार असताना चढण्याचा वेग मिनिटाला अवघ्या १०० फुटांवर येतो, ती ही उंची. मात्र हा आकडा प्रमाण तापमानासाठीच असतो.

उंचीबरोबर हवा विरळ होते. इंजिनाला प्राणवायू अपुरा पडतो. पंख आणि पंख्याच्या पात्यांची पकडही सैल होते. साध्या इंजिनाची शक्ती १०,००० फुटांवर सुमारे ७० टक्केच उरते.

उष्णतेचा परिणामही असाच होतो. रायपूर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,०४० फूट उंचीवर आहे. पारा ४५ अंशांवर गेल्यास तेथील हवा सुमारे ५,००० फुटांवरील प्रमाण हवेइतकी विरळ होते. म्हणजेच विमान जणू महाबळेश्वरहून उंच ठिकाणावरून उडते. परिणामी धावपट्टी अधिक लागते आणि चढण मंदावते. विदर्भातील नागपूर, गोंदियातही उन्हाळ्यात हेच घडते.

टर्बोचार्जर हवा दाबून इंजिनाला पुरवतो. त्यामुळे सिरस एसआर२२टी हे विमान २५,००० फुटांपर्यंत जाऊ शकते. पण तेथे कृत्रिम प्राणवायू नसल्यास माणसाची निर्णयक्षमता तीन ते पाच मिनिटेच टिकते. ३ एप्रिल १९३३ रोजी बिहारमधील पूर्णियाजवळून निघालेल्या दोन पिस्टन विमानांनी एव्हरेस्ट ओलांडले, तेव्हाही हवा दाबून पुरवणारी इंजिने, प्राणवायू आणि विजेवर तापणारे कपडे सोबत होते.

डोंगराळ भागात धोका वाढतो. विमान मिनिटाला १०० फूट चढत असताना डोंगरामागील हवेचा झोत ५०० फुटांच्या वेगाने खाली येत असेल, तर विमान मिनिटाला ४०० फूट खाली जाते. म्हणून कमाल मर्यादेपेक्षा काही हजार फूट खालीच मार्ग आखणे, भार कमी ठेवणे आणि पहाटेच्या थंड हवेत उड्डाण करणे, हाच सुरक्षित मार्ग ठरतो.